जावावाली

कल्याणात आमच्या आळीत तिला सगळे जावावाली म्हणत. लग्न होऊन मी तिथे राहायला गेले तेव्हा मला वाटलं, हिला पुष्कळ जावा असतील, मोठं खटलं असेल, दिवसभर भांड्याला भांडं लागत असेल. चार दिवसांत कळलं की तिला एकही जाऊ नव्हती. सासू नव्हती, नणंद नव्हती, माहेरचं येणारं-जाणारं कोणी नव्हतं. नवरा दाऊद तांडेल वर्षातले आठ-नऊ महिने आगबोटीवर असे. घरात ती आणि दहा वर्षांची मुलगी हव्वा, एवढीच माणसं.

नाव पडलं होतं ते जावा बेटावरून. हजच्या आगबोटींवरची माणसं पूर्वेकडच्या सगळ्याच बेटांवरल्या लोकांना जावावाले म्हणत, दाऊद तांडेलही तसंच म्हणे, आणि आळीने ते उचललं. तिचं खरं नाव राबिया. ती सुमात्रा बेटावरली, तीही किनाऱ्यावरची नव्हे, आत डोंगरावरची. हे तिने मला पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं. "जावा नाय, बाय. जावा लांब. आमचा डोंगर येगळा." मी मान हलवली. पण दोन बेटांत किती अंतर असतं हे मला कुठे ठाऊक होतं? मी तोवर ठाणंसुद्धा पाहिलं नव्हतं.

ती कल्याणात कशी आली हे तिने एकदाच सांगितलं, तेही तांदूळ पाखडता पाखडता. सोळा-सतरा वर्षांची असताना ती मामाबरोबर हजला निघाली. मक्केत पटकीची साथ आली, मामा गेला, गावचे बरोबरचे दोघे गेले. एकट्या पोरीला परत कोण नेणार? परतीच्या बंदरात जिच्या घरी ती उतरली होती त्या बाईने दाऊद तांडेलाशी निकाह लावून दिला, कारण तो नेक होता आणि त्याची बोट दुसऱ्याच दिवशी सुटणार होती. एवढं बोलून तिने सूप झटकलं आणि आत गेली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

आमचं बिऱ्हाड ब्राह्मणआळीच्या अगदी टोकाला होतं. हे मामलेदार कचेरीत कारकून, नोकरी नवी, त्यामुळे मागची दोन खोल्यांची जागा मिळाली. आमचं परसू संपलं की एरंडाचं विरळ कुंपण आणि पलीकडे तिचं परसू. तिथून पुढे खाडीपर्यंत मुसलमानांची वस्ती. सकाळी मी भांडी घासायला बसले की ती पलीकडे काहीतरी करीत असायची. बुटकी, गोरीपान, रुंद चेहऱ्याची, डोळे बारीक. एक मोठा रुमाल ती डोक्याला असा गुंडाळी की त्याची दोन टोकं दोन्ही बाजूंना शिंगांसारखी उभी राहत. आळीतल्या पोरी हसत. मग तिने रोजचं सोडून दिलं आणि ईदेपुरतं ठेवलं.

तिने मला पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न होता, "घर कोनाचा?" मी म्हणाले, भाड्याचं आहे. ती म्हणाली, तसं नाही, तुझ्या आईचं घर कोणाला? मी म्हणाले, माझ्या भावांना. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला घरात काही अशुभ घडल्यासारखं वाटलं. पुढे पाहिलं तर हा प्रश्न ती प्रत्येक बाईला विचारी. कोळीण मासे घेऊन आली, कासारीण बांगड्या घेऊन आली, सुईण आली, सगळ्यांना हाच प्रश्न. आणि उत्तरं ऐकून ती मान हलवी. तिच्या मुलुखात घर बाईचं असतं. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. पुरुष लग्न करून बायकोच्या घरी येतो, तोही दिवे लागल्यावर. सकाळी उठून तो आपल्या आईच्या, बहिणीच्या शेतावर कामाला जातो. आमच्या परसातून रस्त्याचा एक तुकडा दिसे. संध्याकाळी स्टेशनाकडून, कचेरीकडून पुरुष परतू लागले की ती कुंपणाशी उभी राहून एकेकाकडे बोट दाखवी, "हा चालला बायकोकडं." मी म्हणे, अहो राबियाबी, ते आपापल्या घरी चाललेत. ती हसे. तिला ते पटलं कधीच नाही.

तिची वस्ती मला आता माझ्या माहेरापेक्षा जास्त पाठ आहे. नाव कोतो बतुंग. कोतो म्हणजे आपला कोट, आणि बतुंग म्हणजे मोठे जाड बांबू. एका डोंगरउतारावर नऊ घरं, भोवती बांबूचं बन, तेच कुंपण आणि तोच कोट. घरं लाकडी, उंच खांबांवर, शिडीने चढून जायचं. छपरं दोन्ही टोकांना वर गेलेली, रेड्याच्या शिंगांसारखी. घर लांबलचक, आत मागच्या बाजूला ओळीने खोल्या, प्रत्येक लग्न झालेल्या लेकीला एक. जिचं लग्न सर्वांत नवं तिला टोकाची खोली. दुसरीचं लग्न झालं की आधीचीने एक खोली सरकायचं. मुलगे सात-आठ वर्षांचे झाले की घरात निजत नाहीत, नमाजाच्या छोट्या घरात निजतात. घरांच्या मधे एक तळं, त्यात मासे पाळलेले. समोर डोंगर, त्याच्या माथ्यातून धूर निघतो.

मी म्हणाले, डोंगरातून धूर कसा निघेल? ती म्हणाली, स्वैपाक करतो.

डोंगरउतारावर कॉफीची झाडं होती, पण बिया सगळ्या तिथल्या गोऱ्या वलंदेज सरकारला द्याव्या लागत. कोणी एक बी घरात ठेवली तरी शिक्षा. म्हणून तिथली माणसं कॉफीची पानं विस्तवावर भाजून, उकळून, नारळाच्या करवंटीतून पितात. तिची आई म्हणे, की साहेब बिया पितो म्हणून त्याला झोप येत नाही, आपण पानं पितो म्हणून आपल्याला येते.

नऊ घरांची नावं त्या त्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईवरून. ती बोटांवर मोजून सांगे आणि चौथ्या बोटाशी थांबे. ते तिचं घर. तिच्या आईला ती एकटीच मुलगी, मुलगे तीन. "भाव हायत," ती म्हणे, "पन भावांचा घर नसतो." तिच्यामागे त्या घरात चूल पेटवणारी कोणी नव्हती. हे तिने रडून कधी सांगितलं नाही. पाऊस लांबला किंवा शेळी आटली असं एखादी बाई सांगेल, तशा आवाजात सांगे.

म्हणून हव्वा जन्मली तेव्हा तिने काय केलं ते आळीत अजून सांगत. सुईण चेहरा पाडून बाहेर आली, आणि ही आतून ओरडून विचारते, मुलगीच ना, नीट बघ. मुलगी म्हटल्यावर तिने सबंध वस्तीत साखर वाटायला लावली. बायका म्हणाल्या, बाळंतवाताने डोकं फिरलं असेल.

तिचं मी खाल्लं-प्यायलं कधीच नाही. ते दिवस तसे होते, आणि मी काही वेगळी नव्हते. दर ईदेला ती कुंपणाशी ताट घेऊन यायची आणि मी हात जोडून नको म्हणायचे. तिने ताट परत नेताना चेहरा बदलला नाही, आणि पुढच्या ईदेला पुन्हा आणायचं चुकवलं नाही. कोरडं मात्र चाले. तांदूळ, नारळ, हळदीची पानं मी तिच्याकडून घेत असे. तिच्या तांदळांची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

एका उन्हाळ्यात तिने परसात चार खांब पुरले. एक कातकरीण बांबू विकायला यायची, तिला हाताशी धरून तिने खांबांवर धान्याचा एक कणगा विणला. कणगा कसला, उभी खोलीच. खाली अरुंद, वर रुंद, जणू आता पडेल. दार वर, शिडी लावल्याशिवाय हात पोचायचा नाही. दाऊद तांडेल तेव्हा घरी होता. तो ओट्यावर विडी ओढत बसला होता आणि आल्या-गेल्याला सांगत होता की बायको घर बांधते आहे, मला आत घेईल की नाही कोण जाणे. आळीने महिनाभर करमणूक करून घेतली. त्याच श्रावणात पौर्णिमेची भरती आणि वरून चार दिवसांची झड एकदम आली. खाडीचं पाणी वस्तीत शिरलं, आमच्या परसापर्यंत आलं. घराघरातलं धान्य भिजलं, आठ दिवसांत त्याला कोंब आले. हिचा तांदूळ कोरडा ठणठणीत. तिने शिडी लावली आणि दुपारपासून मापाने तांदूळ खाली देत राहिली. मुसलमान वस्तीत दिला, कोळ्यांना दिला, आमच्या आळीतल्या तीन घरांनी निमूट घेतला. मी विचारलं, तुमच्यापुरता राहिला का? ती म्हणाली की तिकडे घरापुढे तीन कणगे असतात, एक घरचा, एक वाटसराचा, एक वाईट वर्षाचा. इथे जागा एकाचीच होती, म्हणून तिघांचं काम त्यालाच.

हव्वाचं लग्न चौदाव्या वर्षी ठरलं. भिवंडीचा मुलगा, चांगलं घर. मानपान ठरवायला पाहुणे आले तेव्हा राबियाने पडद्याआडून एकच गोष्ट सांगितली, मुलगा इथे राहायला येईल. पाहुणे हसले. त्यांना वाटलं, विहीणबाई थट्टा करताहेत. ती थट्टा करीत नव्हती. तिने मागची खोली सारवून, नवी चटई विणून तयार ठेवली होती. दाऊद तांडेलाने तिला समजावलं, शेजारणींनी समजावलं, शेवटी त्याने कुंपणाशी येऊन माझ्या नवऱ्याकरवी मला सांगितलं की तुम्ही सांगून पाहा. मी गेले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. इथली रीत अशी आहे, सगळ्याच मुली जातात, असंच काही तरी. ती म्हणाली, "तुमची पोर गेली तर घर राहतो, बाय. माझी गेली तर काय राहतो?"

हव्वा गेली. तिला स्वतःलाही तिकडेच जायचं होतं, आणि त्यात तिची चूक नव्हती. लहानपणी राबिया तिच्याशी आपल्या बोलीत बोलू लागली की पोरं चिडवत, माकडाची भाषा म्हणत. सहाव्या वर्षी हव्वाने कानांवर हात ठेवले आणि सांगितलं, अम्मा, हे बोलू नको. त्या दिवसापासून राबिया बोलली नाही.

लग्नानंतर वर्षभराने दाऊद तांडेल एडनजवळ बोटीवर तापाने गेला. त्याला समुद्रातच सोडलं. त्याचे चुलतभाऊ आले, चांगले होते, शिवीगाळ नाही की धक्काबुक्की नाही. घर त्यांनी घेतलं आणि मागच्या दोन खोल्या तिला ठेवल्या. मी समाधानाचं काही बोलायला गेले तर तिने मला शांतपणे सांगितलं की कोतो बतुंगमध्ये बाईला कोणी "तू इथे राहा" असं म्हणत नाही. राहा म्हणणारी तीच असते.

त्याच सुमारास एक दिवस हे कचेरीतून बातमी घेऊन आले. हजहून परतणारी एक आगबोट बिघडून मुंबईला लागली आहे, आणि जावावाल्यांची पन्नास-साठ माणसं मुसाफिरखान्यात उतरली आहेत. मी भांडी तशीच टाकून कुंपणाशी धावले. तिने दोनदा विचारलं, "जावावाले?" मी म्हणाले, तुमचेच लोक. ती आत गेली आणि पेटी उघडून तो रुमाल काढून बसली. दुसऱ्या दिवशी जावई भिवंडीहून आला आणि तिला गाडीने मुंबईला घेऊन गेला. डोक्याला ती दोन शिंगं. हातात एक बोचकं. जाताना तिने मला कणग्याची शिडी दाखवली आणि म्हणाली, मी नाही आले तर तांदूळ तू काढ. तेव्हा मला समजलं, ती परत यायच्या बेताने चालली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पलीकडे परसात तांदूळ पाखडत होती.

मी कुंपणाशी गेले. सूप न थांबवता ती म्हणाली, "जावाचेच निघाले, बाय."

खरोखरच जावा बेटावरचे लोक होते ते. शेतकरी, बायका-माणसं. चेहरे तिच्या गावच्यासारखे, कपडे जवळपास तसेच, आणि बोली निराळी. ती बोलली ते त्यांना कळेना, ते बोलले ते हिला कळेना. भात, पाणी असले चार-दोन बंदरातले शब्द जुळले. एका म्हातारीने तिचा हात धरला आणि सोडीना. दोघी तशाच सगळी दुपार बसून राहिल्या. त्यांची बोट जाणार होती ती दुसऱ्या बंदराला, आणि तिथून तिचा डोंगर किती दूर हे सांगणारं त्यांच्यात कोणी नव्हतं.

पण तिला लागलं ते हे नव्हतं. त्या म्हातारीशी बोलताना तिला चाळणीला आपल्या बोलीत काय म्हणतात ते आठवेना. तिने मला ते घाबऱ्या आवाजात सांगितलं. वाटेत गाडीत बसून तिने घरातल्या एकेका वस्तूचं नाव घेऊन पाहिलं, तर निम्मी नावं गेलेली. वीस वर्षं ऐकणारं कोणी नव्हतं. "आता मी पन जावावालीच झाले," ती म्हणाली.

मी मराठी शाळेत चार इयत्ता शिकले होते, तेवढंच. पण मी तिला म्हटलं, मला शिकवा. रोज भांडी घासताना एक शब्द. माझं कसलं धाडस नव्हतं ते. ताट मी घेत नव्हते, निदान शब्द घेता येत होता. जुन्या पंचांगाच्या कोऱ्या कडांवर मी पेन्सिलीने लिहून ठेवी. घर म्हणजे रुमाह. पाणी, आइअ. भात, नासी. आई, आमाक. उपासाला पुआसो म्हणतात हे ऐकून मी इतकी हरखले की ह्यांना जेवताना सांगितलं. हे म्हणाले, पंचांगाचा उपयोग चांगला चालला आहे. दोन वर्षांत माझे चाळीस-पन्नास शब्द झाले. वाक्य मला कधी जुळलं नाही. ती बोले, मी मधले ओळखीचे शब्द पकडी, आणि तिथे ती मान डोलवी. चाळणीचा शब्द तिला एक दिवस हळद कुटताना आठवला आणि ती कुंपणाकडे पळत आली. तिला पळताना मी तेव्हाच एकदा पाहिलं.

मग ह्यांची बदली ठाण्याला झाली. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढवल्यावर मी परसात गेले. ती कुंपणाशी उभी होती. तिने मला एक गोष्ट मागितली. तिची आई तिला हाक मारी तशी मी एकदा मारावी. तिकडे लेकीला उपिक म्हणतात, आपण बाळ म्हणतो तसं. ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. मी इकडे तिकडे पाहिलं आणि हळू म्हणाले, "उपिक." तिने ओ दिली, लहान मुलगी देते तशी, लांब. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिच्या नाही आलं.

ठाण्यात संसार वाढला, मुलं झाली, दोन गेली. कल्याण जवळ असून जाणं होईना. सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप चालत, मग तेही थांबले. दहा-अकरा वर्षं गेली. प्लेगाचं पहिलं वर्ष सरल्यावर एक दिवस हव्वाचा नवरा कोर्टाच्या कामाला ठाण्यात आला आणि आमचं घर शोधत आला. ओट्यावर उभा राहून त्याने ह्यांना सांगितलं की प्लेगात वस्ती उठली तेव्हा अम्माला भिवंडीला आणली, आता अंथरुणावर आहे. मराठी विसरली. कोकणी विसरली. सारखी आपल्या बोलीत बोलते, काही तरी मागते, आणि घरात कोणाला कळत नाही. हव्वाने सांगितलंय, काकींना येते ती बोली.

मी ह्यांना घेऊन निघाले. कल्याणपर्यंत गाडी, तिथून खाडी ओलांडायला होडी, पुढे बैलगाडी. वाटभर मी शब्द आठवत होते. पंचांग केव्हाच रद्दीत गेलं होतं. रुमाह, आइअ, नासी. बोटांवर मोजले तर पंधराही भरले नाहीत.

हव्वा दारातच उभी होती, थकलेली, चार मुलांची आई. ती मला धरून आत घेऊन गेली. "काकी, काय मागते तेवढा सांगा. पानी दिला, भात दिला, कुरान वाचून झाला. माझ्याशी कधी बोलूच दिला नाय मी तिला."

राबिया भिंतीकडे तोंड करून चटईवर पडली होती. इतकीशी झाली होती. मी बसले आणि तिचं नाव घेतलं. तिने तोंड वळवलं, माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही देव जाणे. मग तिने विचारलं. स्पष्ट, दोन-तीन शब्द, शेवटी आवाज वर नेऊन. प्रश्नच होता तो. मी कान देऊन ऐकलं. त्यातला एकही शब्द मला येत नव्हता.

हव्वा माझ्या तोंडाकडे पाहत होती. राबियाने पुन्हा तेच विचारलं, जरा काकुळतीने.

तिच्या बोलीत 'हो'ला इयो म्हणतात. मी म्हणाले, "इयो."

तिचा चेहरा सैल झाला. तिने एक मोठा श्वास सोडला आणि बोलू लागली, भराभर, मधेच हसून, मधेच हात उचलून काही उंच दाखवत, जशी परसात तांदूळ पाखडताना बोले तशी. मी इयो म्हणत राहिले. हव्वाने दोनदा विचारलं, काय म्हणते, आणि मी तिला हाताने थांब म्हटलं.

ऊन ओट्यावरून उतरलं, होडीची वेळ झाली, ह्यांनी बाहेरून खाकरून सांगितलं. मी उठायला लागले. तिला ते दिसलं. ती बोलायची थांबली, हाताच्या कोपरावर जोर देऊन हळूहळू भिंतीकडे सरकली, आणि चटईवरची मोकळी झालेली जागा तळहाताने झाडून माझ्यासाठी साफ करू लागली.